शर्ट आला, गाऱ्हाणं आलं नाही

30 ऑक्टोबर 1992. ब्युनोस आयर्समधलं वेलेझ सार्सफील्ड स्टेडियम खच्चून भरलेलं होतं. सगळे निर्वाना या अमेरिकी रॉक बँडसाठी आले होते. त्यांच्याआधी कॅलॅमिटी जेन नावाचा अमेरिकेतलाच एक छोटा बँड मंचावर आला. सगळ्या मुलीच. गर्दीने त्यांना शिव्या घातल्या, हाताला लागेल ते फेकून मारलं, आणि कार्यक्रम अर्ध्यावर टाकून त्यांना आत जावं लागलं. निर्वानाचा गायक कर्ट कोबेन हे पाहत होता. मंचावर आल्यावर त्याने सूड उगवला तो असा: ज्या एका गाण्यासाठी ही गर्दी जमली होती त्याची सुरुवातीची गिटार तो वाजवायचा, स्टेडियम उसळायचं, की हा थांबायचा आणि दुसरंच काही सुरू करायचा. पुन्हा तेच, पुन्हा तेच. ते गाणं त्या रात्री वाजलंच नाही.

ग्रंज, म्हणजे अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातून निघालेला खरखरत्या गिटारचा रॉक, जगभर पोहोचला, असं आपण सहज म्हणतो तेव्हा मला हे स्टेडियम आठवतं. त्या रात्री ब्युनोस आयर्सला नेमकं काय पोहोचलं होतं? गाणं पोहोचलं होतं यात शंका नाही, लोकांना ते तोंडपाठ होतं. पण बायकांना तुच्छ लेखणाऱ्या मर्दानी रॉकचा त्या गाणाऱ्याला किती तिटकारा होता, हे काही पोहोचलं नव्हतं. त्याच डिसेंबरात निघालेल्या निर्वानाच्या गाण्यांच्या संग्रहाच्या वेष्टनावर कोबेनने स्पष्ट लिहिलं की समलिंगींचा, वेगळ्या वर्णाच्या लोकांचा किंवा बायकांचा द्वेष करणाऱ्यांनी आमच्या कार्यक्रमांना येऊ नये, आमच्या रेकॉर्डी विकत घेऊ नयेत. आपलाच माल आपल्याच गिऱ्हाइकाला नाकारायची पाळी आली, कारण माल जिथे गेला तिथे त्यातलं गाऱ्हाणं गेलं नव्हतं.

गाऱ्हाणं हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. आमच्या कोकणात तो दोन अर्थांनी चालतो. एक म्हणजे तक्रार. दुसरा म्हणजे जत्रेत, पालखीपुढे, नवं घर बांधताना गावकार जे देवाला मोठ्याने घालतो ते. ‘बा देवा महाराजा’ म्हणून सुरुवात होते, मग त्या गावच्या वाड्यांची, वहिवाटींची, पिकांची, रोगराईची नावं येतात आणि दर वाक्याला जमलेले लोक ‘होय महाराजा’ म्हणतात. शेजारच्या गावचं गाऱ्हाणं उचलून आपल्या देवळात घालता येत नाही. घातलंत तर देवाचं राहू द्या, लोकच ‘होय महाराजा’ म्हणणार नाहीत. माझं म्हणणं इतकंच आहे की ग्रंज हा मुळात गाऱ्हाण्याच्या जातीचा प्रकार होता. जिथे कुणी त्यात स्वतःचं गाऱ्हाणं स्वतःच्या बोलीत घातलं तिथे तो रुजला. जिथे सिअ‍ॅटलचं गाऱ्हाणं सिअ‍ॅटलच्या उच्चारात घातलं गेलं, तिथे फक्त ग्रंजवाल्यांचा चौकडीचा शर्ट उरला. आपल्याकडे शर्ट उरला.

आता पहिला आक्षेप असा येईल की अमेरिकेने जगावर लादलेल्या गोष्टींपैकीच ही एक, त्यात रुजायचं काय. हा आक्षेप घेणाऱ्यांना क्रमच ठाऊक नसतो. ग्रंजला आधी ओळखलं ते परदेशाने. सब पॉप ही सिअ‍ॅटलमधली चिमुकली रेकॉर्ड कंपनी होती, सतत कर्जात. 1989 च्या सुरुवातीला त्यांनी ‘मेलडी मेकर’ या लंडनच्या संगीत साप्ताहिकाचा पत्रकार एव्हरेट ट्रू याला स्वखर्चाने विमानाचं तिकीट काढून बोलावून घेतलं. त्याने परत जाऊन जे लिहिलं त्याने ब्रिटनमध्ये हवा तयार झाली. बीबीसी रेडिओवर निवेदक जॉन पील या रेकॉर्डी वाजवू लागला होताच. त्याच वर्षाच्या शेवटी निर्वाना आणि टॅड हे दोन बँड एका व्हॅनमध्ये कोंबून युरोपभर फिरले आणि 3 डिसेंबरला लंडनच्या अ‍ॅस्टोरिया थिएटरात मडहनी या सिअ‍ॅटलच्याच बँडसोबत वाजवून परतले. त्या वेळी खुद्द अमेरिकेत फारसं कुणी त्यांना विचारत नव्हतं. घरच्यांनी परदेशाच्या शाबासकीची वाट पाहायची, हा रोग फक्त आपलाच आहे असं समजून आपण उगाच खंतावतो.

त्यातही गंमत अशी की जे परदेशी पाठवलं ते आधीच निर्यातीसाठी बांधलेलं होतं. रानटी, अडाणी, लाकूडतोड्या पोरांचं संगीत, हे चित्र सब पॉपने ब्रिटिशांसाठी जाणूनबुजून रंगवलं. टॅड बँडचा टॅड डॉयल हा अवाढव्य देहाचा गायक पूर्वी खाटकाचं काम करायचा, ही बातमी आवर्जून पसरवली गेली. मडहनीचा मार्क आर्म इंग्रजी साहित्याचा पदवीधर होता आणि साउंडगार्डनचा गिटारवाला किम थायिल याने तत्त्वज्ञान घेऊन पदवी मिळवली होती. ती बातमी पसरवायच्या कामाची नव्हती.

थायिलवर थोडं थांबायला हवं. हे आडनाव केरळचं. त्याचे आईवडील मल्याळी, आई लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमीत शिकलेली पियानोवादक. साउंडगार्डन 1984 मध्ये त्याने क्रिस कॉर्नेल आणि हिरो यामामोटो यांच्याबरोबर सुरू केला. म्हणजे सिअ‍ॅटलच्या ज्या बँडने सगळ्यांच्या आधी वाट पाडली, त्यातल्या तिघांपैकी एक मल्याळ्याचा मुलगा, दुसरा जपानी वंशाचा. मार्क आर्मने तर स्वतःच सांगितलंय की ग्रंज हा शब्द 1980 च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या बँडांसाठी वापरात होता. पर्थचा सायंटिस्ट्स, मेलबर्नचा कॉस्मिक सायकोज ही नावं सिअ‍ॅटलची पोरं भक्तिभावाने घ्यायची. कोबेनची दैवतं पाहा: स्कॉटलंडचा व्हॅसलिन्स, लंडनच्या रेनकोट्स, ओसाकाच्या शोनेन नाइफ. 1991 च्या शेवटी निर्वाना ब्रिटनमध्ये फिरला तेव्हा या शोनेन नाइफच्या मुलींना त्याने सोबत घेतलं होतं. तेव्हा ‘घरचा देश’ आणि ‘बाहेरचे देश’ अशी रेघ ओढायला गेलं की ती लगेच वाकडी होते.

आणखी एक उदाहरण, कारण ते फारसं कुणी सांगत नाही. निर्वानाचा बास वाजवणारा क्रिस्ट नोव्होसेलिक हा क्रोएशियन आईबापांचा मुलगा. लहानपणी वर्षभर तिकडच्या झादार शहरात राहिलेला. युगोस्लाव्हिया फुटला, बोस्नियात युद्ध पेटलं, बलात्कार हे शस्त्र झालं, तेव्हा त्याने पुढाकार घेऊन 9 एप्रिल 1993 ला सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काउ पॅलेसमध्ये मदतनिधीसाठी कार्यक्रम केला. जमलेले पैसे झाग्रेबमधल्या एका महिला गटाकडे, बोस्नियातल्या पीडित स्त्रियांसाठी गेले. ग्रंजची आंतरराष्ट्रीय झेप म्हणताना लोक खपाचे आकडे सांगतात: निर्वानाचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम अमेरिकेत पहिल्या खेपेला जेमतेम 46,000 प्रती पाठवून काढला होता, 11 जानेवारी 1992 ला त्याने मायकल जॅक्सनला पहिल्या क्रमांकावरून खाली खेचलं, पुढे जगभरात 3 कोटींच्या घरात खप. आकडे खरे आहेत. पण मला विचाराल तर काउ पॅलेसमधली ती एक संध्याकाळ जास्त आंतरराष्ट्रीय होती.

मग नकलांचं काय? नकला भरपूर झाल्या. लंडनचा बुश हा बँड अमेरिकी ग्रंज इतका हुबेहूब वाजवायचा की अमेरिकेने त्याला डोक्यावर घेतलं आणि मायदेशात नाक मुरडलं गेलं. ब्रिटनने एव्हाना पाठ फिरवली होती. ज्या देशाने सिअ‍ॅटलला हवा दिली, त्याच देशातल्या ‘सिलेक्ट’ मासिकाने एप्रिल 1993 च्या मुखपृष्ठावर ब्रिटनचा झेंडा लावून यांकींना घरी जायला सांगितलं आणि ब्रिटपॉपची, म्हणजे घरच्या गिटारवाल्या पॉपची, द्वाही फिरवली. कॅनडाचा निकेलबॅक, दक्षिण आफ्रिकेचा सीदर हे नंतरचे. त्यांच्याविषयी मला सांगण्यासारखं काही नाही, रेडिओवाल्यांना विचारा.

पण नक्कल म्हणजे पाप, असंही मी म्हणणार नाही. गाणं शिकणारा आधी गुरूची नक्कलच करतो. गळ्यातली हरकत, मानेचा झटका, खाकरणंसुद्धा. प्रश्न एवढाच की तो त्यातून बाहेर कधी पडतो. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलच्या सिल्व्हरचेअरचं उदाहरण बोलकं आहे. 1994 मध्ये एक स्पर्धा जिंकून ही तीन शाळकरी पोरं वर आली. पहिला अल्बम निघाला तेव्हा ती 15 वर्षांची होती. ‘पायजम्यातला निर्वाना’ अशी त्यांची टिंगल व्हायची आणि ती अगदी खोटी नव्हती. त्याच पोरांनी 2002 मध्ये व्हॅन डाइक पार्क्स या अमेरिकी संगीतकाराकडून वाद्यवृंदाची मांडणी करून घेऊन असा अल्बम काढला की त्यात सिअ‍ॅटलचा मागमूस नव्हता. शागिर्दी संपली होती.

उलट बाजूने हेच एडी वेडर आणि नुसरत फतेह अली खान यांच्याबद्दल. 1995 च्या ‘डेड मॅन वॉकिंग’ चित्रपटासाठी सिअ‍ॅटलच्या पर्ल जॅम बँडचा हा गायक आणि लायलपूरचा हा कव्वाल यांनी दोन गाणी एकत्र गायली. मला ती आवडतात त्याचं कारण साधं आहे: वेडर तान मारायचा प्रयत्न करत नाही आणि खाँसाहेब इंग्रजी गात नाहीत. दोघेही आपापल्या गळ्यात राहून एकमेकांना जागा देतात. फ्यूजनच्या नावाखाली आपल्याकडे जी खिचडी शिजते तिला हा संयम ठाऊक नाही.

आणि आता बाली. माझ्या म्हणण्याचा खरा पुरावा इथे आहे.

1996 मध्ये बालीत नाविकुला नावाचा बँड सुरू झाला. नाविकुला हे एका सूक्ष्म, होडीच्या आकाराच्या शैवालाचं नाव. गायक गेडे रोबी. मागची गिटार ऐकलीत तर लगेच कळेल की ही पोरं साउंडगार्डन आणि पर्ल जॅम ऐकत मोठी झालीयत, त्यांनी ते लपवलेलंही नाही. पण गाणी बहुतेक इंडोनेशियन भाषेत, आणि विषय? बोर्निओ बेटाच्या इंडोनेशियातल्या भागात, कालिमांतानमध्ये, तेलमाडाच्या मळ्यांसाठी तोडलेली जंगलं, बेघर झालेले ओरांगउटान, जकार्ताचं प्रदूषण, पैशावर विकला जाणारा न्याय. 2012 मध्ये त्यांनी कालिमांतानचा दौरा केला तो जंगलतोड डोळ्यांनी पाहण्यासाठी. बालीच्या दक्षिणेला बेनोआच्या उपसागरात सुमारे 700 हेक्टरवर भराव घालून पर्यटनासाठी बेटं उभारायचा घाट घातला गेला, तेव्हा वर्षानुवर्षं चाललेल्या निदर्शनांत हे वादक रस्त्यावर होते. आसपासच्या गावांच्या पारंपरिक पंचायती त्यात होत्या, कोळी होते, आणि ट्रकवर चढवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमधून गिटारचा तोच चिरका, मळकट आवाज येत होता. शेवटी तो प्रकल्प बारगळला. तो गाण्यामुळे बारगळला असा दावा मी करणार नाही. पण त्या गर्दीत ‘होय महाराजा’ म्हणणारे होते.

सिअ‍ॅटलच्याच राज्यात कोबेनच्या अ‍ॅबरडीन गावचा लाकडाचा धंदा बसला होता, त्या बसलेल्या गावची चीड त्या संगीतात होती. बालीच्या पोरांनी त्यातली चीड घेतली आणि लाकूड आपलं वापरलं.

आमच्याकडे काय झालं ते मी पाहिलंय, कारण मी त्यात होतो. 1991 मध्ये स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही आलं. डोंबिवलीतल्या आमच्या केबलवाल्याने गच्चीवरून वायर ओढली आणि सिअ‍ॅटल थेट आमच्या दिवाणखान्यात, वरण-भाताच्या ताटांसमोर उतरलं. कॅसेटवरून कॅसेटा भरून घेतल्या. दादरहून गाडी पकडून धोबी तलावला रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक या रॉकच्या जलशाला जाऊन घामाघूम झालो. आणि फॅशन स्ट्रीटवरच्या एक्स्पोर्ट सरप्लसच्या ढिगातून चौकडीचा जाड शर्ट शोधून काढला. तो शर्ट ऑक्टोबरच्या उन्हात अंगावर चढवून मी लोकलच्या दारात उभा राहायचो. सिअ‍ॅटलला थंडी असते म्हणून तिथे तो घालतात, हे मला माहीत होतं. तरी. एक मात्र तेव्हा सुचलं नव्हतं: तो शर्ट इथेच कुठल्या तरी कारखान्यात शिवलेला, अमेरिकेला जायला निघालेला आणि शिलाईत खोट निघाली म्हणून नाकारलेला होता. अमेरिकेतही हाच शर्ट नोव्हेंबर 1992 मध्ये डिझायनर मार्क जेकब्सने पेरी एलिस या कपड्यांच्या कंपनीच्या फॅशन शोमध्ये रेशमातून उतरवला होता आणि नोकरी घालवून बसला होता. त्याच महिन्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ग्रंजवाल्यांचा शब्दकोश छापला. सब पॉपमध्ये काम केलेल्या मेगन जॅस्परने फोनवर मनाला येतील ते शब्द रचून सांगितले आणि त्यांनी ते जसेच्या तसे छापले. शर्ट आणि बोली, दोन्हींची बनावट आवृत्ती घरातच निघाली होती. आम्ही तर हजारो मैलांवर.

आम्ही गायचो इंग्रजीत, तेही नाकातून. इंग्रजी माध्यमातली पोरं बरी गायची, आम्ही मराठी माध्यमवाले शब्द चुकायचो. म्हणजे जे संगीत मुळात कुणालाही तीन कॉर्ड येत असतील तर उभं राहू देणारं होतं, ज्यात निर्वानाचा पहिलावहिला अल्बम 606 डॉलर 17 सेंटमध्ये ध्वनिमुद्रित झाला होता, ते आमच्या हातात आल्यावर इंग्रजीची तोंडी परीक्षा बनलं. कोण पास, कोण नापास. बिघडलं ते इथेच, असं माझं मत आहे.

यावर तीन उत्तरं मला नेहमी मिळतात. पहिलं, ‘संगीताला भाषा नसते’. हे वाक्य बहुतेक वेळा ज्यांची भाषा आधीच चलनात आहे असे लोक उच्चारतात. दुसरं जास्त हुशारीचं आहे: कोबेनचे शब्द अमेरिकनांनाही कळत नव्हते, एमटीव्हीने तर त्याच्या त्या प्रसिद्ध गाण्याची खाली ओळी धावणारी आवृत्ती दाखवली, मग शब्दांचं एवढं काय? खरं आहे, तो पुटपुटायचा. पण घरचा माणूस पुटपुटला तर घरच्यांना शब्द कळले नाहीत तरी तो कशावर चिडलाय ते कळतं. परक्या भाषेतलं पुटपुटणं म्हणजे नुसतं न कळणं. आम्ही त्याचं पुटपुटणं पाठ केलं, त्याची चीड पाठ होण्यासारखी नव्हती.

तिसरं उत्तर पैशाचं, आणि ते मला पूर्ण खोडता येत नाही. इलेक्ट्रिक गिटार, अ‍ॅम्प्लिफायर, ड्रम ठेवायला जागा, शेजारी तक्रार करणार नाहीत अशी खोली: मुंबईच्या चाळीत किंवा वन रूम किचनमध्ये हे जमायचं कसं? फेंडरच्या स्वस्तातल्या स्क्वायर गिटारी इंडोनेशियात बनतात, बालीत पर्यटकांसाठी वाजवायला बार आहेत. आम्हाला हे नव्हतं, कबूल. पण मग रॅपकडे पाहा. रॅपही अमेरिकेचाच. तो धारावीत, कुर्ल्यात, आरेत मराठी-हिंदीत बोलायला लागला, कारण तिथल्या मुलांनी आधी भाषा बदलली. स्वदेसी या मुंबईच्या गटाने 2019 मध्ये आरेतल्या वारल्यांच्या जमिनीवर आणि जंगलावर गाणं केलं, त्यात आरेतलेच प्रकाश भोईर गायले. त्याच वर्षी आरेतली झाडं तोडली गेली. बालीत जे गिटारवाल्यांनी केलं ते मुंबईत रॅपवाल्यांनी केलं. वाद्यं लागत नाहीत म्हणून ते सोपं गेलं असेलही. पण गिटार हातात असलेली, इंग्रजी शाळांतली, खोल्या आणि पैसे असलेली पोरंही तेव्हा होतीच की. त्यांच्याकडे सगळं होतं, गाऱ्हाणं तेवढं स्वतःचं नव्हतं. किंवा असेल, ते घालायची लाज वाटली असेल.

लाजेचं मला माहीत आहे. 1995 च्या सुमारास आम्ही चौघांनी मराठीत एक गाणं रचायचा प्रयत्न केला होता. लोकलच्या दाराला लटकण्यावर होतं, कारण आम्ही रोज तेच करत होतो, आणि आमच्या ओळखीचा एक मुलगा नुकताच त्यातून पडून गेला होता. गिटार ठीक होती. ध्रुपदाच्या ओळीत ‘पाय ठेवायला जागा द्या’ असं काहीसं होतं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ते म्हटलं आणि पहिल्या ओळीला सभागृहात खसखस पिकली. त्यांना वाटलं विडंबन आहे. खरखरत्या गिटारवर मराठी म्हणजे विनोदच असणार, हे त्यांनी आणि आम्हीही न बोलता मान्य केलेलं होतं. आमच्या गायकाने दुसऱ्या कडव्याआधी मागे वळून पाहिलं, मी मान हलवली, आणि आम्ही सरळ निर्वाना सुरू केला. टाळ्या पडल्या. ते दुसरं कडवं त्या मुलाबद्दल होतं. त्याचा मोठा भाऊ चौथ्या रांगेत बसला होता.